दारू आणि शरीर : उशिरा सुरू झालेली चर्चा

महाराष्ट्रात दारूविरोध जुना आहे. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि परवान्यांतून सरकारचा महसूल वाढू लागला. पुण्यात वाढत चाललेल्या गुत्त्यांवर जोतीराव फुले यांनी १८८० मध्येच नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये लोकमान्यांच्या प्रेरणेने पुण्यातल्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. दारू पिण्याचा परवाना देताना 'आरोग्य राखण्यासाठी' हे कारण याच कायद्याने मान्य केले. दारू थोडी घेतली तर औषधच, हा समज घट्ट करायला याहून मोठा आधार कोणता हवा होता?

पुढची खरी लढाई बायकांनी लढवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह गावोगावचे लोक उभे राहिले आणि १९९३ मध्ये तिथे जिल्हा दारूबंदी झाली. राज्यात इतरत्र महिलांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची सोय झाली. मतपत्रिकेवर दोन चित्रे, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान बंद व्हायला नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला हवीत. मजुरीला बाहेरगावी गेलेलीचे न पडलेले मतही दुकानाच्याच बाजूने धरले जाते. या बायका बोलल्या त्या मारहाणीबद्दल, उडालेल्या मजुरीबद्दल. ते खरेच होते. पण नवऱ्याच्या पोटात पाणी का झाले, हे त्यांना नीट सांगणारे फार थोडे होते.

ते शास्त्राला ठाऊक होते. यकृतात दारूपासून ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे कर्करोग होतो हे निश्चित झालेल्या, गटात टाकले: तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत. पुढे स्तन आणि मोठ्या आतड्याची भर पडली. इंग्लिश असो, देशी असो वा बिअर, दोष अल्कोहोलचाच. यकृतावर नुसती चरबी साठली असेल तर दारू सोडल्यावर ते बहुधा सावरते, सिरोसिस झाल्यावर, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झाल्यावर, मात्र पूर्ववत होत नाही; पोटात पाणी होते ते यातूनच. म्हणून ही माहिती वेळेवर पोचायला हवी.

कितीही कमी घेतली तरी दारू सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून बाटलीवर आरोग्याला हानिकारक असल्याचा इशारा सक्तीचा आहे. त्यात कर्करोगाचे नाव नाही.