साठावे मत : ओबामाकेअर संमत होण्यामागचा इतिहास

अमेरिकेचा २०१०चा ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’, म्हणजेच अध्यक्ष ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा, ओबामाकेअर, आज ज्या शब्दांत आहे त्या शब्दांत तो राहावा, असे तो लिहिणाऱ्यांनाही वाटत नव्हते. डिसेंबर २००९ मध्ये सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या (काँग्रेसच्या) वरच्या सभागृहाने, संमत केलेला मसुदा पुढे खालच्या सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या, मसुद्याशी जुळवून, घासूनपुसून घ्यायचा बेत होता. तो फिसकटला आणि कच्चा मसुदाच कायदा झाला.

अनेकांना आरोग्यविमाच नसणे, ही मूळ अडचण जुनी. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढ गोठवली गेली, पण आरोग्यविम्यासारख्या सवलती त्यातून वगळल्या. कामगार टिकवायला कंपन्यांनी विमा द्यायला सुरुवात केली, त्यावर करसवलत मिळाली आणि विमा नोकरीला चिकटला तो कायमचा. नोव्हेंबर १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय विमा मांडला. डॉक्टरांच्या ‘अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ने तो समाजवादाचा शिरकाव ठरवून हाणून पाडला. १९६५ मध्ये जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणले. मधला माणूस, म्हणजे छोट्या धंद्यातला, स्वतंत्र काम करणारा, नोकरी गेलेला, उघडाच राहिला. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्येच १,३४२ पानांचे विधेयक लिहून काँग्रेससमोर ठेवले. विमा कंपन्यांनी जाहिरातींचा मारा केला, आणि दोन्ही सभागृहांत स्वपक्षाचे बहुमत असूनही ते अंतिम मतदानापर्यंत पोहोचले नाही.

दुधाने तोंड पोळलेल्या डेमोक्रॅट पक्षाने २००९ मध्ये ताकही फुंकून प्यायले. ओबामांनी मसुदा स्वतः न लिहिता काँग्रेसच्या समित्यांवर सोपवला. विरोध करू शकणाऱ्यांशी आधीच सौदे झाले: औषध कंपन्यांनी दहा वर्षांत ८० अब्ज डॉलर सोडायचे, त्या बदल्यात सरकारने मेडिकेअरसाठी औषधांच्या किमतींची घासाघीस करायची नाही. सांगाडाही मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ साली रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी सही केलेल्या कायद्याचा घेतला. त्याचे तीन भाग एकमेकांत अडकलेले आहेत. आजारी माणसाला विमा नाकारायचा नाही, असे म्हटले की निरोगी लोक आजारी पडेपर्यंत थांबतात आणि हप्ते भडकतात. म्हणून विमा सक्तीचा, नाहीतर दंड. सक्ती केली की न परवडणाऱ्यांना अनुदान द्यावेच लागते. यातला एक भाग काढला की उरलेले दोन डगमगतात.

विधेयक पाच समित्यांतून गेले. प्रतिनिधीगृहाच्या तिन्ही समित्या जुलैअखेर मोकळ्या झाल्या. सिनेटमध्ये घोडे पेंड खात होते ते अर्थ समितीत. समितीचे अध्यक्ष मॅक्स बॉकस यांनी तीन डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन अशा सहा जणांत वाटाघाटी चालवल्या आणि त्यात उन्हाळा गेला. ऑगस्टमध्ये खासदार मतदारसंघांत परतले, तेव्हा सभांमध्ये गदारोळ झाला. कोणाला जगवायचे हे सरकारी मंडळे ठरवणार, ही निखालस खोटी आवई तेव्हाचीच. समितीचे मतदान १३ ऑक्टोबरला झाले, १४ विरुद्ध ९, आणि एवढ्या उठाठेवीतून रिपब्लिकन मत मिळाले ते एकट्या ऑलिंपिया स्नो यांचे. अंतिम मतदानात तेही राहिले नाही. गेलेला वेळ किती महाग पडला, हे जानेवारीत कळले.

सिनेटमध्ये शंभरपैकी ५१ मतांनी विधेयक संमत होते, पण चर्चा थांबवायला ६० लागतात. अडवणूक करणाऱ्यांचे खरे हत्यार ते. मिनेसोटाची रखडलेली फेरमोजणी संपून अल फ्रँकन यांनी जुलैत शपथ घेतली आणि दोन अपक्ष धरून आकडा बरोबर साठ झाला. २५ ऑगस्टला मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी वारले. रॉम्नींच्या हाती नेमणूक जाऊ नये म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या डेमोक्रॅटांनी २००४ मध्ये गव्हर्नरचा हंगामी सिनेटर नेमण्याचा अधिकार काढून घेतला होता. आता तोच घाईघाईने परत देऊन जागा भरली.

साठ म्हणजे साठच, त्यामुळे प्रत्येक सदस्य किंमत मागू शकत होता. अपक्ष सिनेटर जो लिबरमन अडून बसले, तेव्हा सरकारी विमा योजनेचा पर्याय गेला आणि ५५ वर्षांपासून मेडिकेअर विकत घेण्याची सोयही गेली. नेब्रास्काचे बेन नेल्सन यांच्यासाठी त्या राज्याच्या मेडिकेड विस्ताराचा सगळा खर्च केंद्राने कायमचा उचलायचे ठरले. ते इतके बोभाटले की पुढे काढावे लागले.

आणखी एक तांत्रिक खुबी. आपल्याकडे धन विधेयक लोकसभेतच मांडावे लागते, तसे तिथे कर बसवणारे विधेयक प्रतिनिधीगृहातूनच यावे लागते. म्हणून सिनेटचे नेते हॅरी रीड यांनी प्रतिनिधीगृहाने आधीच संमत केलेले, सैनिकांच्या घरखरेदीवरील करसवलतीचे विधेयक घेतले, क्रमांक ३५९० ठेवला आणि आतला मजकूर पुसून आरोग्यविमा घातला. २४ डिसेंबरच्या सकाळी ते ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत झाले.

१९ जानेवारी २०१० रोजी केनेडींच्या जागेवरची पोटनिवडणूक रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांनी जिंकली. साठाचे एकोणसाठ झाले. आता मजकुरात एक शब्द बदलला तरी विधेयक सिनेटमध्ये परत जाणार आणि तिथे अडणार. एकच वाट उरली: प्रतिनिधीगृहाने सिनेटचा मसुदा जसाच्या तसा स्वीकारायचा आणि दुरुस्त्यांचे वेगळे विधेयक ‘रिकन्सिलिएशन’ या अर्थसंकल्पी प्रक्रियेने आणायचे, जिथे सिनेटमध्ये साधे बहुमत पुरते. २१ मार्चला मतदान झाले: २१९ विरुद्ध २१२. एकही रिपब्लिकन मत नाही, आणि ३४ डेमोक्रॅट विरोधात. आपल्याकडे पक्षादेश मोडून असे मत दिले तर पक्षांतरबंदी कायद्याखाली सदस्यत्व जाऊ शकते. तिथे तसा कायदाच नाही, म्हणून सभापती नॅन्सी पेलोसींना एकेक मत मिनतवाऱ्यांनी गोळा करावे लागले. गर्भपातासाठी केंद्राचा पैसा वापरला जाणार नाही, असा अध्यक्षीय आदेश काढायचे ओबामांनी कबूल केले, तेव्हा बार्ट स्टुपाक यांचा गर्भपातविरोधी डेमोक्रॅटांचा गट वळला. २३ मार्चला सही झाली.

मग सगळाच कायदा रिकन्सिलिएशनने का नाही केला? कारण तिथे ‘बर्ड नियम’ आहे: ज्या तरतुदीचा सरकारी जमाखर्चावर परिणाम नाही, ती वगळावी लागते. आजारी माणसाला विमा नाकारू नका, हा कंपन्यांवरचा नियम; तो त्या चाळणीतून उतरणे कठीण होते. चाळणी किती बारीक, ते लगेच दिसले. दुरुस्ती विधेयकातल्या विद्यार्थी अनुदानाच्या दोन किरकोळ तरतुदी नियमात अडकल्या, त्या काढल्या, आणि तेवढ्यासाठी २५ मार्चला प्रतिनिधीगृहाला पुन्हा मतदान करावे लागले.

कच्च्या मसुद्याचे भोग पुढे आले. अनुदान ‘राज्याने स्थापन केलेल्या’ विमा-बाजारातून घेतलेल्या विम्यालाच, असे शब्द एका कलमात राहून गेले होते, आणि ३४ राज्यांमध्ये तर बाजार केंद्र सरकार चालवत होते. एरवी एका ओळीच्या दुरुस्तीचे काम. पण २०१० च्या निवडणुकीत प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांकडे गेले होते, दुरुस्ती करणार कोण? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये ६ विरुद्ध ३ अशा निकालाने अनुदान वाचले. निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी नोंदवले, की या कायद्यात १५६३ क्रमांकाची कलमे तीन आहेत.

२०१७ मध्ये रिपब्लिकनांनी कायदा मोडायलाही रिकन्सिलिएशनचीच वाट धरली. २८ जुलैच्या पहाटे त्यांच्याच पक्षाचे सिनेटर जॉन मॅकेन यांच्या विरोधी मतामुळे तो प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ असा पडला. डिसेंबरात करकायद्यातून त्यांनी दंडाची रक्कम शून्यावर आणली, तीही रिकन्सिलिएशननेच, म्हणून हात पैशालाच लावता आला. विमा घेतलाच पाहिजे, हे कलम तसेच राहिले; २०१९ पासून केंद्राचा दंड मात्र शून्य डॉलर.