ऑपरेशननंतर कुत्र्याची घरगुती शुश्रूषा

मोठं ऑपरेशन झालेल्या आणि अजून धोक्याबाहेर न आलेल्या कुत्र्याला घरी आणल्यावर घरच्यांनी जी काळजी घ्यायची असते तिला घरगुती शुश्रूषा म्हणतात. ऑपरेशनची नेहमीची कारणं म्हणजे पायोमेट्रा (गर्भाशयात पू होणं, नसबंदी न झालेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांनी होतो), प्लीहेची गाठ, पोट फुगून पीळ पडणं, आतड्यात अडकलेलं हाड नाहीतर कापडाचा बोळा, आणि गाडीखाली येऊन मोडलेला पाय. नाशिकमध्ये बऱ्याचदा सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी पेशंट घरी असंच होतं, पायात कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घातलेली बारीक नळी) तसाच ठेवून, आणि मग पुढचे काही दिवस रोज सलाईनसाठी परत न्यायचं. म्हणजे सगळ्यात नाजूक रात्र सिडकोतल्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, सतरंजीवर निघते, आणि त्या रात्री नर्स म्हणजे आपणच.

या काळात घरच्यांचा सगळा जीव खाण्यात अडकतो. शेजारच्या काकू येतात, "अगं काही खाल्लं का त्याने?" हाच पहिला प्रश्न. माया समजते, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत जीव वाचवणारं काम घास भरवण्याचं नसतं, ते बघण्याचं आणि लिहून ठेवण्याचं असतं. श्वास, हिरड्या, लघवी आणि दुखणं या चार गोष्टी एका वहीत वेळेसकट लिहायच्या. कुत्रा स्वतः सांगत नाही आणि रात्री तीन वाजता आपल्यालाही काही आठवत नसतं, वही असली की डॉक्टरांना फोनवर नेमकं सांगता येतं.

काय बघायचं

श्वास कुत्रा झोपलेला असताना मोजायचा, छाती वर गेली खाली आली की एक, पूर्ण एक मिनिट. शांत झोपेत तो मिनिटाला ३० च्या आत पाहिजे. उन्हातून आल्यावर धापा टाकतो ते वेगळं, पण गार खोलीत पडूनही धाप थांबत नसेल तर एकतर दुखतंय नाहीतर आत काहीतरी बिघडलंय.

हिरड्या हा सगळ्यात खरा आरसा. ओठ वर उचलून दिवसाच्या उजेडात बघायचं, ट्यूबलाइटमध्ये रंगाचा अंदाज चुकतो. गुलाबी आणि ओलसर असल्या की ठीक. बोटाने हिरडी दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. बऱ्याच देशी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. पांढरट हिरड्या, पोट फुगत चाललेलं आणि कुत्रा उठायलाच तयार नाही, हे तिन्ही एकत्र दिसलं तर आत रक्तस्राव होत असू शकतो, सकाळची वाट बघू नका. गोचीड ताप होऊन गेलेल्या कुत्र्यांचे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असू शकतात, त्यांच्या हिरड्यांवर बारीक लाल ठिपके किंवा नाकातून रक्त दिसलं तरी लगेच फोन करायचा.

लघवीकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. साधारण हिशोब किलोमागे तासाला १ ते २ मिली, म्हणजे २० किलोच्या लॅब्राडॉरने दिवसभरात निदान अर्धा लिटर तरी करायला हवी. मोजपात्र घेऊन मागे धावायची गरज नाही, पण किती वेळा केली आणि रंग कसा होता एवढं लिहा, आणि चोवीस तासांत सू झालीच नसेल तर ते इमर्जन्सी समजा. पायोमेट्राच्या केसमध्ये किडन्यांवर आधीच ताण आलेला असतो म्हणून तिथे हे जास्तच जपायचं. शी मात्र दोन-चार दिवस नाही झाली तरी घाबरायचं कारण नाही, पोटात काही गेलेलंच नसतं आणि दुखण्याच्या काही औषधांनी आतडी मंदावतात.

ताप मेडिकलमध्ये मिळणाऱ्या साध्या डिजिटल थर्मामीटरने, टोकाला व्हॅसलीन लावून, गुदद्वारातून घ्यायचा. नाक गरम की गार यावरून काहीच कळत नाही. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्यासाठीचा ताप त्याच्यासाठी नॉर्मल. १०३.५ च्या वर गेलं तर फोन, १०४ च्या वर किंवा ९९ च्या खाली गेलं तर थेट दवाखाना. भुलीनंतर शरीर गार पडतं आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० च्या खाली जातो, तेव्हा पहिल्या रात्री गोधडी लागतेच. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच ठेवा, गुंगीतला कुत्रा बाजूला सरकत नाही आणि कातडी भाजते.

दुखणं ओळखणं सगळ्यात अवघड. सगळेच कुत्रे केकाटत नाहीत. काही पाठ वाकवून उभे राहतात, काही बसतात उठतात बसतात पण आडवे होत नाहीत, काही भिंतीकडे तोंड करून नुसते बघत राहतात, आणि कधीच न गुरगुरणारा मोती पोटाजवळ हात नेला की दात दाखवतो. पहिल्या रात्रीचं कण्हणं कधीकधी भुलीच्या गुंगीचं असतं, जवळ बसून हळू बोललं की ते थांबतं, दुखण्याचं थांबत नाही. अशा वेळी घरातली आपली गोळी देणं हा सगळ्यात मोठा धोका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने पोटात अल्सर होतो, किडनी जाते, आणि पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी डोस ठरवल्याशिवाय द्यायची नाही. दवाखान्यातून मेलोक्सिकॅम (दुखण्यावरचं औषध) दिलं असेल तर ते खाण्यासोबत द्यायचं, आणि आधीपासून स्टिरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायचंच, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

कॅन्युला, टाके आणि माश्या

पायातल्या कॅन्युलाची पट्टी ओली होऊ द्यायची नाही. दर काही तासांनी पंजा बघा: बोटं फाकलेली, सुजलेली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट झाली आहे, ती सैल करून घ्यायची. पट्टीच्या वरचा पाय सुजला किंवा हात लावल्यावर दुखतोय तर कॅन्युला बदलायची वेळ आली.

गळ्यातला कोन (जखम चाटू नये म्हणून घातलेली प्लॅस्टिकची कॉलर) बघून सगळ्यांना दया येते आणि घरात कोणीतरी तो काढतंच. काढू नका. जेवताना, समोर बसून, तेवढाच. पहाटे सगळे झोपलेले असताना चाटून चाटून टाके उघडायला फार वेळ लागत नाही, आणि पोटाचे टाके सुटून आतडं बाहेर दिसलं तर स्वच्छ ओलं कापड गुंडाळून, काहीही आत ढकलायच्या भानगडीत न पडता, तसंच दवाखान्यात धावायचं. त्यासाठी रात्री कुत्रा घेणारा रिक्षावाला किंवा गाडीवाला मित्र आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी नाशिक रोडहून गंगापूर रोडला यायला कोणी तयार होत नाही.

जखमेवर हळद, डेटॉल, स्पिरिट काही नको. दिलेलं मलम आणि कोरडेपणा पुरे. थोडी लाली आणि सूज दोन-तीन दिवस राहते, वास आणि पू मात्र चालायचा नाही. पावसाळ्यात माश्यांचा फार त्रास, ओल्या जखमेवर बसून अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडू शकतात, म्हणून कुत्र्याला ओट्यावर किंवा अंगणात न ठेवता जाळीच्या खोलीत, पंख्याखाली ठेवावं. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर अंघोळ नाही. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये साधारण तिसरा ते पाचवा दिवस जास्त जोखमीचा, आतड्याचा शिवलेला जोड गळायला लागला तर बरा वाटणारा कुत्रा अचानक उलट्या करतो, खाणं सोडतो, ताप चढतो.

जो उठूच शकत नाही त्याची कूस दर दोन-चार तासांनी बदलायची, नाहीतर कोपर आणि खुब्यावर बेडसोर होतात. खाली जाड गादी, वर प्लॅस्टिक, त्यावर जुनं धोतर, ओलं झालं की लगेच बदलायचं. उभं करताना पोटाखालून टॉवेल नाहीतर जुन्या साडीचा पट्टा घालून मागचा भार उचलायचा, पण पोटाचंच ऑपरेशन असेल तर पट्टा टाक्यांवर येऊ द्यायचा नाही. टाइल्सवर पाय घसरतात म्हणून योगा मॅट किंवा सतरंजी पसरा. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये मोठा कुत्रा चादरीच्या झोळीत दोघांनी उतरवायचा.

खाणं

भूल पूर्ण उतरेपर्यंत काही नाही, मग थोडं थोडं पाणी. २० किलोच्या कुत्र्याची पडून असतानाची गरज साधारण ६६० किलोकॅलरी, म्हणजे अंदाजे ३०० ग्रॅम शिजलेला भात आणि १६० ग्रॅम उकडलेलं चिकन, बस्स. तेही पहिल्या दिवशी पाव भाग आणि दोन-तीन दिवसांत पूर्णावर. मीठ-मसाला नको, दूध नको. तोंडात सिरिंजने जबरदस्ती पाणी किंवा पेज ओतली तर ती फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांशी फीडिंग ट्यूबबद्दल (नळीने अन्न देण्याबद्दल) बोलावं.

नाशिककरांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या आणि त्या दोन्ही आपल्याच मातीतल्या. द्राक्षं आणि बेदाण्याने कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, कोणाला किती बाधेल याचा नेम नाही, म्हणून एकही नको. सीझनमध्ये प्रत्येक घरात क्रेट असते आणि मुलं प्रेमाने भरवतात. कांदा कच्चा काय, शिजलेला काय, पावडर काय, लाल रक्तपेशी फोडतो, आणि ऑपरेशनमध्ये रक्त गेलेल्या कुत्र्याला हे अजिबात परवडत नाही. "चिकनच्या रश्शात भात कालवून दिला, बिचारा आवडीने खातो" या रश्शात कांदाच असतो, लसूणसुद्धा.

घरातली शांतता हेही औषधच. दिवाळीचे फटाके, मिरवणुकीतले नाशिक ढोल, रंगपंचमीचा दंगा यांच्या आसपास ऑपरेशन आलं तर आतल्या खोलीत, खिडक्या लावून ठेवा आणि घाबरण्यावरचं औषध डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्या, स्वतःहून झोपेची गोळी नको.

बरं होत नसेल तर

कॅन्सर पसरलेला असतो, किडनी साथ देत नाही, आणि सगळं नीट करूनही कुत्रा खचत जातो असं होतं, त्यात घरच्यांचा दोष नसतो. अशा वेळी अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची जीवनमानाची पट्टी उपयोगी पडते: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना ० ते १० गुण, आणि एकूण ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्यात अर्थ आहे असं मानतात. श्वास नीट घेता येणं हे त्यात दुखण्याच्याच रकान्यात धरलंय आणि त्याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. घरातल्या प्रत्येकाने हे गुण वेगवेगळे, एकमेकांना न दाखवता, दोन-तीन दिवस लिहावेत, कारण रात्री जागणाऱ्या आईला जे दिसतं ते ऑफिसहून संध्याकाळी येणाऱ्याला दिसत नाही, आणि मग ते सगळे कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसावं.