रीलिन

रीलिन हे चेतापेशींना मेंदूत आपापल्या थरात बसवणारे, पेशीबाहेर स्रवणारे प्रथिन आहे. माणसात त्याची साखळी सुमारे ३,४६० ॲमिनो आम्लांची असून जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे.

नाव आले ते एका उंदरावरून. झोकांड्या खात चालणाऱ्या उत्परिवर्तित उंदरांचे वर्णन डग्लस फाल्कनर यांनी १९५१ मध्ये केले आणि त्यांना ‘रीलर’ म्हटले. दोषी जनुक हाती लागायला मात्र १९९५ साल उजाडले.

मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या आवरणात, सहा थर असतात. चेतापेशी आतल्या पोकळ्यांलगत जन्मतात आणि पृष्ठभागाकडे सरकतात. क्रम थोडा चमत्कारिक आहे: आधी जन्मलेल्या पेशी खाली राहतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. या काळात सर्वांत बाहेरच्या पट्ट्यातील काहाल-रेटझियस पेशी रीलिन स्रवतात. येणाऱ्या पेशींवरील दोन ग्राही (संदेश टिपणारी प्रथिने) ते पकडतात. मग पेशीतील डॅब-१ या प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाते आणि पेशीचा आतला सांगाडा बदलतो. हा इशारा ‘थांबा’ असा की ‘इकडे या’ असा, यावर मतभेद आहेत. रीलर उंदरात थरांचा क्रम जवळजवळ उलटा होतो आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू खुरटतो, झोकांड्या त्यामुळेच.

माणसात जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्यास मेंदूवरच्या वळ्या नीट पडत नाहीत, लहान मेंदू अविकसित राहतो. हे २००० मध्ये दिसून आले. एकाच प्रतीतील दोष काही कुटुंबांत अपस्माराला कारण ठरतो. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या मेंदूत मृत्यूनंतरच्या तपासणीत रीलिन कमी आढळले आहे, पण ते कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही.

प्रौढ मेंदूतही रीलिनचे काम चालूच असते. ते चेतापेशींमधील जोडण्या बळकट करते आणि अल्झायमरमध्ये चेतापेशींत गुंता करणाऱ्या टाऊ प्रथिनावर जादा फॉस्फेट चढू देत नाही. अल्झायमरशी निगडित एपीओई प्रथिन रीलिनच्याच ग्राहींना चिकटते, त्यामुळे दोघांत एक प्रकारची स्पर्धा असते. २०२३ मध्ये कोलंबियातील एका पुरुषाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या घराण्यात आनुवंशिक अल्झायमरमुळे चाळिशीतच स्मृती ढासळते. तो मात्र ६७ वर्षांपर्यंत शाबूत होता. मेंदूत अल्झायमरमध्ये साचणारे अमिलॉइड प्रथिन भरपूर होते, पण स्मृतीशी संबंधित एका महत्त्वाच्या भागात टाऊ कमी होते. त्याच्या रीलिनमध्ये एकच ॲमिनो आम्ल बदललेले आढळले. तोच बदल बहिणीतही होता, पण तिला इतके संरक्षण लाभले नाही.