ब्लड बोल : जोडीची स्पर्धा

ब्लड बोल हा पट, फासे आणि छोटे पुतळे घेऊन दोघांनी खेळायचा ब्रिटिश बैठा खेळ आहे. अमेरिकन फुटबॉल आणि रग्बी यांची सरमिसळ करून तो कल्पनारम्य जगात नेऊन ठेवला आहे. मैदानात माणसांबरोबर ऑर्क, ड्वॉर्फ, एल्फ, स्केव्हन नावाचे उंदीरमानव, हाडांचे सापळे आणि चालती झाडेही उतरतात. टेबलाशी बसून संघ चालवणाऱ्याला ‘कोच’ म्हणतात. ‘खेळाडू’ हा शब्द पुतळ्यांसाठी राखलेला. याच खेळाच्या ज्या स्पर्धांत दोन कोच मिळून एक नाव नोंदवतात आणि दोघांचे निकाल एकत्र मोजले जातात, त्या जोडीच्या स्पर्धा. आपल्याकडे ‘फँटसी स्पोर्ट्स’ म्हटले की मोबाइलवर खऱ्या क्रिकेटपटूंचा संघ लावून गुण मिळवणे डोळ्यांसमोर येते. त्या प्रकाराशी ब्लड बोलचा काही संबंध नाही.

नियमांचा गाभा

पट २६ घरे लांब आणि १५ घरे रुंद. प्रत्येक बाजूचे जास्तीत जास्त ११ खेळाडू मैदानात असतात आणि संघाच्या यादीत १६ पर्यंत ठेवता येतात. सामन्याचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागात दोन्ही कोचना ८-८ पाळ्या मिळतात. चेंडू समोरच्या टोकाच्या रांगेत नेला की टचडाउन, म्हणजे एक गोल. बहुतेक सामने १-०, २-१ किंवा १-१ असे संपतात. सोळा पाळ्यांत एकदा-दोनदाच घडणाऱ्या या घटनेभोवती सगळी मांडणी फिरते.

आपल्या पाळीत कोच एकेका खेळाडूला हलवतो. शेजारच्या घरात प्रतिस्पर्धी उभा असेल तर तिथून सटकण्यासाठी फासा टाकावा लागतो. चेंडू उचलणे, फेकणे, झेलणे यांनाही फासा लागतोच. ठरलेल्या चालीपेक्षा एक-दोन घरे जास्त धावायचे असेल, तर त्या प्रत्येक घरासाठी २ किंवा अधिक पडावे लागतात. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला धडक देण्यासाठी खास फासे असतात आणि त्यांवर आकड्यांऐवजी चित्रे असतात. ताकद सारखी असेल तर एक फासा, एकाची जास्त असेल तर दोन, दुपटीहूनही जास्त असेल तर तीन. कोणता फासा धरायचा हे जास्त ताकदीच्या बाजूचा कोच ठरवतो. बाजूला उभे असलेले साथीदार ताकद वाढवतात. त्यामुळे प्रत्यक्षात खेळातला बराच वेळ कोणाला कुठे उभे करायचे याच्या विचारात जातो.

खेळाला खरी धार येते ती टर्नओव्हरच्या नियमाने. आपल्या पाळीत आपलाच खेळाडू पडला, चेंडू उचलताना हातातून निसटला किंवा फेकलेला चेंडू आपल्यातल्या कोणीच झेलला नाही, तर पाळी तिथेच संपते. बाकीचे दहा जण तसेच उभे राहतात. म्हणून अनुभवी कोच आधी बिनफाशाच्या चाली उरकतो, मग सोपे फासे टाकतो आणि अवघड फासा शेवटी ठेवतो. दोन फाशांची धडक पाहा. ‘ब्लॉक’ कौशल्य असलेला खेळाडू स्वतः पडतो तो दोन्ही फाशांवर कवटी आली तरच, म्हणजे ३६ त एकदा. कौशल्य नसेल आणि रीरोल, म्हणजे फासा पुन्हा टाकण्याची संधी, वापरला नाही, तर पाळी बुडण्याची शक्यता नवात एक. प्रत्येक पाळीत अशा चार-पाच धडका होतात हे लक्षात घेतले की त्या एका कौशल्यासाठी लोक का जीव टाकतात ते कळते.

पडलेल्याच्या चिलखतासाठी दोन फासे टाकतात. चिलखत फुटले तर दुखापतीसाठी आणखी दोन. त्यातून खेळाडू नुसता भोवंडतो, बेशुद्ध होऊन बाहेर जातो किंवा जायबंदी होतो, मरतोही. पडलेल्याला लाथ मारणे हा अधिकृत फाउल आहे. मात्र त्या फाशांवर जुळे आकडे आले की पंच लाथ मारणाऱ्याला हाकलून देतो.

कुठून आला

खेळ जर्व्हिस जॉन्सन यांनी रचला आणि नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८६ मध्ये काढला. पहिल्या पेटीत पुठ्ठ्याचे खेळाडू होते. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत थर्माकोलसारख्या पदार्थाचे मैदान आणि प्लास्टिकचे पुतळे आले. आजचा खेळ ओळखीचा वाटू लागतो तो १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून, कारण टर्नओव्हर तिथे आला आणि सामना दोन-अडीच तासांत आटोपू लागला. ही गोष्ट किरकोळ नाही. दिवसाला तीन सामने बसत नसते, तर शनिवार-रविवारच्या स्पर्धा उभ्याच राहिल्या नसत्या.

पुढे कंपनीने या खेळाकडे पाठ फिरवली. नियमपुस्तक मात्र फुकट उतरवून घेता येत होते आणि त्यात सुधारणा होत राहिल्या. दुकानात पेटी मिळत नव्हती त्या वर्षांत इतर छोट्या कारागिरांनी संघांचे पुतळे ओतले आणि खेळणाऱ्यांच्या ‘नॅफ’ या संघटनेने स्पर्धांची नोंद ठेवली. २०१६ मध्ये कंपनीने नवी पेटी काढली तेव्हा तिला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. ते आधीच टेबलांवर बसलेले होते. २०२० च्या आवृत्तीने चेंडू फेकण्याची क्षमता चपळाईपासून वेगळी काढली.

स्पर्धेचे स्वरूप

लीगमध्ये संघ सामन्यागणिक वाढतो, शिकतो, जखमी होतो. दोन दिवसांच्या स्पर्धेत तसे चालत नाही. तिथे ‘रेझरेक्शन’ पद्धत असते: प्रत्येक सामन्यानंतर मेलेले आणि जखमी सगळे पुन्हा उभे, आणि पुढचा सामना मूळ यादीवर. संघ उभा करायला ठरावीक सोन्याच्या मोहरांचे बजेट मिळते. लीगमध्ये ते १० लाखांचे असते, स्पर्धांत बहुधा थोडे वाढवलेले. वर काही जादा कौशल्ये वाटतात. सगळे वंश तुल्यबळ नाहीत, आणि ते मुद्दामच. हाफलिंग, गॉब्लिन, ओगर यांचे संघ दुबळे म्हणूनच रचलेले आहेत. आयोजक अशा संघांना जास्त कौशल्ये किंवा जास्त मोहरा देऊन फरक कमी करतात, पण तो मिटत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी दुबळ्या संघांतल्या सर्वोत्तमाला वेगळे बक्षीस असते.

फेऱ्या स्विस पद्धतीने लागतात, म्हणजे सारखे गुण असलेले समोरासमोर येतात. एका दिवसाच्या स्पर्धेत साधारण तीन सामने होतात, दोन दिवसांत पाच-सहा. नॉटिंगहॅमच्या नॅफ अजिंक्यपदात ते सहा असतात. संघ म्हणून खेळायच्या स्पर्धांत जागतिक चषक सर्वांत मोठा. तो २००७ मध्ये नॉटिंगहॅम, २०११ मध्ये ॲमस्टरडॅम, २०१५ मध्ये इटलीतले लुक्का, २०१९ मध्ये ऑस्ट्रियातले डॉर्नबिर्न आणि २०२३ मध्ये स्पेनमधले अलिकांते इथे झाला. शेवटच्या दोन्ही वेळी हजाराहून अधिक कोच सहा-सहांच्या संघांनी उतरले होते. जोडीची स्पर्धा हा याच कल्पनेचा लहान आणि जास्त मोकळाढाकळा अवतार. सहा जण जमवायला वर्ष लागते, दोघांना एक फोन पुरतो.

जोडी म्हणजे नेमके काय

जोडीतले दोघे एका पटावर खेळत नाहीत. समोरच्या जोडीतल्या एकेकाशी त्यांचा स्वतंत्र सामना होतो, बहुतेकदा शेजारशेजारच्या टेबलांवर. कोण कोणाशी बसणार हे कुठे चिठ्ठीने ठरते, कुठे क्रमवारीने, कुठे जोड्या आपसांत ठरवतात. गुण देण्याच्या पद्धतीही अनेक आहेत. सर्वांत सरळ पद्धत अशी: विजयाला २, बरोबरीला १, पराभवाला ०, दोघांची बेरीज ज्या जोडीची जास्त, तिने फेरी जिंकली. म्हणजे एक विजय आणि एक बरोबरी पुरते, आणि एक विजय व एक पराभव झाला तर फेरी बरोबरीत.

हे पत्त्यांच्या ब्रिजपेक्षा बुद्धिबळाच्या सांघिक सामन्याला जवळचे आहे. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण मिळवले. त्यांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होते. तिथे प्रत्येक जण आपला पट एकट्याने खेळतो, पण बरोबरी स्वीकारायची की नाही हे शेजारच्या पटांवर काय चालले आहे यावर ठरते. ब्लड बोलमध्ये हाच हिशेब फाशांमुळे अधिक उघडा पडतो, कारण इथे धोक्याला टक्केवारी असते.

समजा सामना १-१ आहे आणि आपली शेवटून दुसरी पाळी चालू आहे. जिंकायचे तर एल्फने २ किंवा अधिक पाडून सटकायचे, २ किंवा अधिकवर चेंडू उचलायचा, ३ किंवा अधिकवर फेकायचा आणि दुसऱ्याने २ किंवा अधिकवर झेलायचा. रीरोल उरलेला नसेल तर चारही फासे पडण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के. फसले तर चेंडू मोकळा आणि प्रतिस्पर्ध्याला धावायला वाट. एकट्याच्या स्पर्धेत हा निर्णय मोठा कठीण. जोडीत तो बऱ्याचदा सोपा होतो. साथीदार आधीच जिंकला असेल तर बरोबरीनेही फेरी आपली. मग तो एल्फ चेंडूजवळ नुसता उभा राहतो. साथीदार हरला असेल तर फेरीपुरती बरोबरी आणि पराभव यांत काहीच फरक नाही. मग ३९ टक्के ही मेजवानी. आणि साथीदाराची बरोबरी झाली असेल तर सगळे पुन्हा आपल्यावर, एकट्याच्या स्पर्धेइतकेच.

यातून एक विचित्र गोष्ट निघते: ज्याचा सामना उशिरा संपतो तो जास्त माहितीवर खेळतो. रेंगाळण्यात फायदा दडलेला असल्याने वेळेची शिस्त जोडीच्या स्पर्धेत अधिक लागते. एका फेरीला साधारण सव्वादोन तास देतात आणि तक्रार आली की टेबलावर बुद्धिबळाचे घड्याळ येते. बोलण्यावरही बंधन असते. ‘तुझा स्कोअर काय?’ एवढे विचारलेले सहसा चालते. ‘डावीकडून जा’ हे चालत नाही. सीमारेषा स्पर्धेगणिक सरकते, त्यामुळे ती पहिल्या फेरीआधी विचारून घेतलेली बरी.

संघांची निवड

जोडीचे अर्धे काम टेबलावर बसण्याआधी होते. दोघांनी एकच वंश घेऊ नये असा नियम बहुधा असतो, आणि नसला तरी ते शहाणपणाचे नाही. पारंपरिक सल्ला असा की एकाने धडकांचा संघ घ्यावा, दुसऱ्याने वेगाचा. ड्वॉर्फ संथ असतात, पण त्यांचे चिलखत जाड. त्यांच्यातल्या बहुतेकांना अनेक आवृत्त्यांत ब्लॉक आणि टॅकल ही कौशल्ये सुरुवातीपासून मिळत आली. टॅकलमुळे चपळ खेळाडूंची सटकण्याची युक्ती निकामी होते. उलट वुड एल्फ किंवा स्केव्हन मोठ्या मारापुढे टिकत नाहीत, पण दोन पाळ्यांत टचडाउन करतात. स्केव्हनांचा गटर रनर ९ घरे धावतो, धोका पत्करून ११. मधल्या रेषेपासून टोक १३ घरांवर आहे. उरलेली दोन घरे आपल्याच माणसांच्या रांगेतून ढकलाढकली करून मिळवली, तर एका पाळीतही गोल होतो. ज्या स्पर्धेत जोडीला प्रतिस्पर्धी निवडता येतो तिथे ही विभागणी कामाची: समोर एल्फ असतील तर ड्वॉर्फवाला त्यांच्याशी बसतो. निवड नशिबावर असेल तर मात्र दोघांनीही ऑर्क किंवा अनडेडसारखे (म्हणजे उठून उभ्या राहिलेल्या मेलेल्यांचे), कोणाशीही बरे खेळणारे संघ घेणे जास्त पदरात पाडते. दिसायला मात्र कंटाळवाणे.

दुसरी शाळा सरळ गंमत करणाऱ्यांची. एकाचे हाफलिंग आणि दुसऱ्याचे गॉब्लिन अशी जोडी आली की झाडासारखा अजस्र खेळाडू आपल्याच साथीदाराला चेंडूसकट हवेत फेकतो आणि शेजारच्या टेबलावर करवतवाला गॉब्लिन पंचाला लाच देतो. अशा जोड्या तळाला राहतात. पण पाहणाऱ्यांची गर्दी त्यांच्याच टेबलाभोवती असते, आणि खेळाच्या निर्मात्यांनी हा विनोद पहिल्यापासून ठेवला आहे.

स्वभावांची जुळणीही निकालात उतरते, आणि ती यादीत लिहिता येत नाही. सलग दोन कवट्या आल्यावर तडतडणारा आणि त्याच्याशेजारी तेवढाच तडतडणारा, अशी जोडी दुपारनंतर कोसळते. सामने संपले की एक जण आपल्या फाशांची कहाणी सांगतो आणि दुसऱ्याला ती ऐकावी लागते. हे या खेळातले कष्टाचे काम.

रीतिरिवाज आणि नोंद

पुतळे रंगवलेले असावेत अशी अपेक्षा असते. काही ठिकाणी तसा नियमच असतो आणि उत्तम रंगकामाला बक्षीसही. सर्वांत जास्त टचडाउन, सर्वांत जास्त जायबंदी आणि तळाची जागा यांनाही बक्षिसे असतात. स्पर्धेचे खास छापलेले धडकेचे फासे आठवण म्हणून मिळतात. जुन्या कोचकडे ते डबाभर साठतात आणि कोणते ‘चालतात’ यावर गंभीर चर्चा होते. सामन्यापूर्वी आणि नंतर हस्तांदोलन करतात, आणि फाशांची देवता नफल हिच्या नावाने बोटे मोडणे शिष्टसंमत आहे.

मान्यताप्राप्त स्पर्धांचे निकाल नॅफ नोंदवते. हे गुणांकन प्रत्येक कोचचे, आणि तेही वंशागणिक वेगळे असते: एखाद्याचे ऑर्क घेऊन खेळतानाचे गुण त्याच्या एल्फच्या गुणांना जोडले जात नाहीत. जोडीच्या स्पर्धेतला प्रत्येक सामना तिथे साधा एकास-एक सामना म्हणून जातो. फेरी वाचवण्यासाठी ३९ टक्क्यांवर उडी मारून हरलेल्या कोचच्या खात्यात तो एक पराभव म्हणूनच दिसतो.