सिरॉसिसच्या पेशंटसाठी झोपेची गोळी मागण्याआधी

"बाबा रात्रभर जागे असतात, दिवसभर पेंगतात. झोपेची एखादी गोळी द्या." असं सांगत आमच्या औषधांच्या दुकानात माणसं येतात. चिठ्ठीशिवाय ही गोळी आम्ही कुणालाच देत नाही. पण घरात लिव्हर सिरॉसिसचा, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललेला पेशंट असेल, तर ती मागूही नका. रात्र-दिवसाची अशी उलटापालट ही मेंदूवर परिणाम सुरू झाल्याची खूण असू शकते आणि गोळीने पेशंट थेट बेशुद्धीकडे जाऊ शकतो.

आतड्यात तयार होणारा अमोनिया एरवी लिव्हर साफ करतं. ते निकामी होत गेलं की तो रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो. डॉक्टर याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. माणूस विसरतो, चिडतो, सही बिघडते, शर्टाची बटणं चुकतात. हात पुढे धरून पंजे वर करायला सांगितलं, तर ते फडफडतात. वय झालं किंवा बाहेरचं काही लागलं म्हणून दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लॅक्ट्युलोज हे गोड पातळ औषध बद्धकोष्ठावरही देतात, म्हणून "आता पोट साफ होतंय" म्हणत घरचे ते बंद करतात. आमच्या पाहण्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. ते अमोनिया बाहेर काढण्यासाठी आहे. रोज 2 ते 3 वेळा मऊ शौचाला होईल इतका डोस डॉक्टर ठरवतात. पाण्यासारखे जुलाब लागले तर तेही धोक्याचं, लगेच विचारा. सोबतची रिफॅक्सिमिन ही आतड्यातले अमोनिया बनवणारे जंतू कमी करणारी गोळी महाग वाटते, हे आम्हाला कळतं. परवडत नसेल तर डॉक्टरांशी बोला, मधेच सोडू नका.

प्रथिनं तोडू नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90. कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं कच्चं दूध घरी उकळून, दही, डाळ, उसळ चालेल. झोपण्याआधी थोडं खाणंही हवं. पोटात पाणी झालं असेल तर खारट रस्सा, लोणचं, पापड मात्र बंद. दारू कायमची बंद.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, ताप, पोटदुखी, हाक मारून न उठणं: यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा.

आणि साधी अंगदुखीची गोळी घेतानाही "पेशंटला सिरॉसिस आहे" हे काउंटरवर आधी सांगा.