वर्षासनाचा हिशेब: सारणी कोणती, दर कोणता?

वर्षासन म्हणजे एकरकमी निधी देऊन हयातभर ठरलेले हप्ते घेणं. त्यासाठी किती निधी लागेल? साठीनंतर सरासरी २० वर्षं आयुष्य, म्हणून २० वर्षांचे हप्ते मोजायचे. निवृत्तीच्या हिशेबातली ही सर्रास होणारी चूक. समजा, निम्मे लोक १० वर्षं जगले आणि निम्मे ३०. सरासरी २०च. वर्षाअखेर एक हप्ता आणि ६ टक्के व्याज धरलं, तर २० वर्षांसाठी आज ११.४७ हप्त्यांइतका निधी लागतो. पण १० वर्षांसाठी ७.३६ आणि ३० वर्षांसाठी १३.७६ लागतात, म्हणजे माणशी १०.५६. दूरचे हप्ते व्याजामुळे आज स्वस्त पडतात, म्हणून हा फरक येतो. आणि जो एकटाच आपल्या शिलकीतून २० वर्षांच्या बेतानं खर्च करतो, त्याची शिल्लक ३० वर्षं जगल्यास दहा वर्षं आधीच संपते.

म्हणून सरासरी सोडून मृत्युदर-सारणी, म्हणजे प्रत्येक वयाला वर्षभरात मृत्यूची शक्यता किती हे सांगणारा तक्ता, घ्यावी लागते. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून हेच केलं: प्रत्येक हप्त्याला तो घ्यायला माणूस हयात असण्याच्या शक्यतेनं गुणायचं आणि व्याजानं आजच्या मोलावर आणायचं. समजा, साठाव्या वर्षीचा मृत्युदर ०.०१० आणि एकसष्टाव्या वर्षीचा ०.०११ आहे. इथे हप्ते वर्षाच्या सुरुवातीला धरले, म्हणून पहिला हप्ता आजच, म्हणजे १. दुसरा ०.९९ ÷ १.०६ = ०.९३४. तिसरा ०.९९ × ०.९८९ ÷ १.०६² = ०.८७१. असं सारणीच्या शेवटच्या वयापर्यंत जायचं. बेरीज १२.५ आली तर वर्षासनाचा दर १ ÷ १२.५, म्हणजे ८ टक्के. हप्ते मासिक असतील तर बेरजेतून ११/२४ वजा करतात. एवढी दुरुस्ती बहुतेक वेळा पुरते.

खरी कसोटी सारणी निवडण्यात आहे. ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेसमध्ये अनेक देशांच्या सारण्या मोफत मिळतात, पण त्या सर्वसाधारण लोकसंख्येच्या. वर्षासन घेणारे लोक सहसा त्याहून जास्त जगतात, म्हणून त्यांच्यासाठी विमागणितींच्या (विम्यातली जोखीम मोजणाऱ्या गणितज्ञांच्या) संस्था वेगळ्या सारण्या काढतात. आयुर्विम्याची सारणी इथे लावू नये. विम्यात मृत्युदर चढा धरणं सुरक्षित, पेन्शनमध्ये तेच धोक्याचं, कारण निधी कमी पडतो. सारणीचं आधारवर्षही पाहा. एका वर्षाच्या नोंदींवरची सारणी पुढे मृत्युदर घटणारच नाहीत असं गृहीत धरते. त्यासाठी सुधारणेचे गुणक, म्हणजे मृत्युदर दरवर्षी किती घटेल याचे अंदाज, वेगळे मिळतात, ते लावलेच पाहिजेत.

बाजारातला वर्षासनाचा दर पाहून त्यालाच व्याजदर समजू नका. त्यात मुद्दलाची परतफेड, कंपनीचा खर्च आणि नफा मिसळलेले असतात. शिवाय हप्ते महागाईबरोबर वाढणार असतील तर व्याजदरातून ती वाढ काढून घ्यावी लागते.

गणित जमलं का, हे तपासायला व्याज शून्य करून बघा. हप्ते वर्षाच्या सुरुवातीला असतील, तर बेरीज सारणीतल्या त्या वयाच्या आयुर्मानापेक्षा साधारण अर्ध्या वर्षानं जास्त यायला हवी: आयुर्मान २२.३ तर बेरीज २२.८. एका वर्षाचा फरक दिसला, तर बहुधा वयाची ओळ एकानं सरकली आहे.