बोबड्या बोलांचा आळ जिभेवर

तीन-साडेतीन वर्षांचे मूल स्पष्ट बोलत नसेल, तर सातारा-सांगलीकडच्या घरांत पहिले निदान ठरलेले असते: ‘जीभ जड आहे.’ मग वेखंड उगाळून जिभेवर चोळले जाते, कुणीतरी जिभेखालची शीर कापून घ्यायला सुचवते, आणि यांपैकी कशानेच फरक पडला नाही की ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते’ या वाक्यावर आणखी एक-दोन वर्षे निघून जातात. वडील उशिरा बोलले असणे शक्य आहे, कारण हा कल घराण्यात असू शकतो. जिभेवर घेतलेला आळ मात्र बहुतेक वेळा खोटा असतो, आणि त्याचा पुरावा ते मूल स्वतःच दिवसभर देत असते.

‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाय’ला ‘दाय’ म्हणणारे मूल घ्या. क आणि ग उच्चारताना जिभेचा मागचा भाग मृदू टाळूला टेकतो. त आणि द उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांना टेकते. जिभेखालचा पडदा (ज्याला शीर म्हणतात तो) आखूड असेल तर अडते ते टोक, मागचा भाग नव्हे. म्हणजे जे टोक बांधले गेले आहे अशी शंका घेऊन आपण शस्त्रक्रियेची चौकशी करत असतो, तेच टोक हे मूल गरजेपेक्षा जास्त वापरत असते. पडदा फारच आखूड असेल तर तान्ह्या बाळाला दूध ओढताना त्रास होऊ शकतो आणि पुढे टोक उचलून करायचे काही उच्चार अडू शकतात. पण त्यापायी मूल शब्द शिकायचे थांबत नाही. वेखंडाने जीभ झणझणते, यापलीकडे उच्चारावर परिणाम होण्याचे कारण नाही, आणि लहान मुलाच्या पोटात ते जास्त गेले तर उलट्या होऊ शकतात.

मग अडते कुठे? या मुलाची चूक कशीही होत नाही, ती नियमाने होते. वर्णमालेचा तक्ता समोर धरला तर क-वर्गातले अक्षर त-वर्गात, पण त्याच क्रमांकाच्या घरात उतरलेले दिसते: क चा त, ग चा द, आणि महाप्राण (हवेच्या झोतासह येणारे उच्चार) जमू लागले असतील तर ख चा थ. घोष-अघोष, म्हणजे उच्चारताना कंठ कंपतो की नाही, हा भेद मूल शाबूत ठेवते, उच्चाराचे स्थान तेवढे बदलते. जड जिभेला इतका काटेकोरपणा जमणार नाही. हे काम मेंदूत तयार होत असलेल्या ध्वनिव्यवस्थेचे आहे. त्याहून गमतीची गोष्ट अशी की मुलाच्या कानाला हा फरक बरेचदा कळत असतो. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या संशोधकांनी १९६० साली एका मुलाची नोंद केली आहे. ते आपल्या प्लास्टिकच्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणे. पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटले की ठामपणे नाकारी आणि ‘फिश’ म्हटले की समाधानाने होकार देई. आपल्याकडचे मूलही ‘दाय नाही, दाय!’ म्हणून चिडते, ते याच कारणाने.

क आणि त यांतला फरक कान ओळखतो तो दोन खुणांवरून. अडवलेली हवा सुटताना क्षणिक स्फोट होतो. त च्या स्फोटातली ऊर्जा वरच्या वारंवारतांपर्यंत पसरलेली असते, तर क ची मधल्या पट्ट्यात एकवटलेली असते. त्यानंतर तोंडाची पोकळी पुढच्या स्वराचा आकार घेत असताना तिच्या अनुनादांच्या (आत घुमणाऱ्या सुरांच्या) वारंवारता सरकतात, आणि हे सरकणे सुमारे ४० ते ५० मिलिसेकंदांत आटोपते. इतकी बारीक खूण हुकायला फारसा बहिरेपणा लागत नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या मध्यकर्णात पाणी साठले, तरी ताट पडल्यावर ते वळून पाहते आणि घरचे निर्धास्त होतात. हळू बोललेली व्यंजने मात्र त्याला पुसट ऐकू येत राहतात. म्हणून वाचाउपचाराच्या आधी श्रवणचाचणी हवीच, आणि ती न करता उपचार सुरू करणाऱ्याकडे मी मूल नेणार नाही.

पहिल्या भेटीत वाचाउपचार करणारे तज्ज्ञ मुलाला खेळू देतात, घरच्यांना बारीकसारीक विचारतात आणि मुलाला समजते किती हे पाहतात. पालकांना वाटते की औषध मिळेल किंवा जिभेचे व्यायाम मिळतील. प्रत्यक्षात दृश्य साधारण असे असते: टेबलावर एका बाजूला मोबाईलवर गाणे लावायची तयारी, दुसऱ्या बाजूला वाटीत शेंगदाणे. मुलाला गाणे हवे असते, ते ‘दाणं’ म्हणते, आणि तज्ज्ञ शांतपणे त्याच्या तळहातावर चार दाणे ठेवतात. मूल गोंधळते, पुन्हा ‘दाणं’ म्हणते, पुन्हा दाणेच मिळतात. आपल्या दोन शब्दांचा ऐकणाऱ्याला एकच अर्थ लागतो आहे, हे त्याला पहिल्यांदा जाणवते, आणि तिथून ते जिभेचा मागचा भाग शोधू लागते. मग कार-तार, गार-दार अशा जोड्या येतात.

आठवड्यातून एक-दोन भेटी आणि रोज घरी दहा-पंधरा मिनिटे, असे काही महिने चालते. घरी ‘नीट बोल’ म्हणायचे नसते. मूल ‘दाय आली’ म्हणाले की ‘हो, गाय आली, मोठी गाय आली’ एवढेच म्हणायचे असते. क-ग ची ही अदलाबदल साडेतीन-चार वर्षांपर्यंत बहुधा आपोआप जाते, त्यामुळे अडीच वर्षांच्या मुलासाठी धावाधाव नको. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, तर मात्र थांबू नये. माण-खटावकडचे मूल ‘पानी’ म्हणते तो दोष नव्हे, ती त्याच्या घरची बोली आहे. इंग्रजी शाळेसाठी घरातली मराठी बंद करण्याचा सल्लाही निराधार आहे. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करणे अपेक्षित आहे; पथक येईल त्या दिवशी पालकांनी हजर राहून बोलण्याविषयी आपणहून सांगावे. ‘महिन्यात बोलते करू’ अशा जाहिराती करणाऱ्यांना वाचाउपचार तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. पाटण किंवा दहिवडीहून साताऱ्याला दर आठवड्याला येणे म्हणजे मजुरी बुडवणे. अशा वेळी काही भेटी व्हिडिओ कॉलवर घेता येतील का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

शेवटच्या टप्प्याची कल्पना पालकांना आधीच असलेली बरी. तज्ज्ञांसमोर ‘गाय’ स्वच्छ म्हणणारे मूल घरी अंगणात पळताना पुन्हा ‘दाय’ म्हणते, आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटते. नवा उच्चार आधी सुट्या शब्दांत बसतो, मग वाक्यांत, आणि घाईच्या बोलण्यात सर्वांत शेवटी. म्हणून चाचणीतले शब्द बरोबर आले तरी तज्ज्ञ लगेच उपचार थांबवत नाहीत. भेटींमधले अंतर वाढवत नेतात आणि मुलाच्या सहज गप्पांत क-ग टिकू लागले की मगच भेटी बंद करतात.